विश्लेषण : वाटाण्याच्या एका वेलीने भारतीय सिनेमाला भांडवल कसे मिळवून दिले? छायाचित्रकार दादासाहेब फाळके यांची कहाणी

भाईंदरच्या खारी परिसरात राहणाऱ्याला पक्ष्यांचे फोटो काढायला फार लांब जावे लागत नाही. सकाळी खाडीच्या किंवा मिठागरांच्या कडेला उभे राहिले की बगळे, शेकाटे, एखादा खंड्या दिसतो. मोबाइल काढायचा, बर्स्ट मोडवर दहा-वीस फ्रेम टिपायच्या, मग घरी येऊन आकाश थोडे गडद करायचे, मागचा विजेचा खांब पुसायचा. कुंडीतल्या रोपाचा टाइमलॅप्स तर शाळकरी मुलेही करतात. हीच कामे १०० वर्षांहून अधिक काळापूर्वी मुंबईत एक माणूस हाताने करत होता. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके.

'राजा हरिश्चंद्र'मुळे फाळके सर्वांना ठाऊक आहेत. पण हा चित्रपट आला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्याआधीची जवळपास २० वर्षे त्यांनी फोटो काढणे, ते सुधारणे, रंगवणे आणि छापणे यांत घालवली होती. आणि पैसेवाल्यांना पटवण्यासाठी त्यांनी जी पहिली छोटी फिल्म केली, तिच्यात ना राजा होता ना देव. तिच्यात वाटाण्याचे रोप होते.

फोटोग्राफी कुठे शिकले?

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईत आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे थोरल्या भावाबरोबर ते बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात चित्रकलेबरोबर इतर अनेक गोष्टी शिकले. १८९० च्या सुमारास त्यांनी पहिला कॅमेरा घेतला.

कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी या मुलाची चिकाटी हेरली. त्यांनी फाळके यांना रतलामला पाठवून तीन रंगांचे ब्लॉक बनवणे आणि फोटोलिथोग्राफी शिकण्याची सोय करून दिली. परत आल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ वापरायची मुभाही दिली.

तीन रंगांचे ब्लॉक म्हणजे काय, हे समजले तर फाळके यांचे पुढचे काम समजायला सोपे जाते. एकाच चित्राची लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन वेगवेगळी छायाचित्रे घ्यायची. त्यांवरून तीन ब्लॉक तयार करायचे आणि सायन, मजेंटा आणि पिवळी शाई एकावर एक छापायची. एक ब्लॉक केसभर सरकला तरी चित्र विस्कटते. मोबाइलच्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये आपण रंगांच्या पट्ट्या बोटाने सरकवतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. फरक एवढाच, की तेव्हा चूक झाली तर मागे जायचे बटण नव्हते. निगेटिव्ह काचेची असे. चेहऱ्यावरचा डाग घालवायचा तर त्या काचेवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करावे लागे.

लोक कॅमेऱ्याला का घाबरत होते?

१८९५ मध्ये फाळके यांनी गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. तिथे प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावले. ते बडोद्याला परतले, तर तिथे वेगळेच संकट उभे होते. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटते, अशी समजूत शहरात पसरली होती. गिऱ्हाईक येईना. आज कोणी यावर हसेल. पण प्लेगच्या साथीत रोज माणसे जात असताना अशा अफवेला बळ मिळाले, तर त्यात नवल नाही.

मग फाळके यांनी नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी हातचलाखी आणि त्यासाठी लागणारा रसायनांचा वापर शिकून घेतला. आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने ते जादूचे प्रयोगही करत. वरवर पाहता ही भरकटलेल्या माणसाची लक्षणे. प्रत्यक्षात त्यांच्या सिनेमाची सगळी अवजारे याच काळात गोळा झाली.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. सरस्वतीबाई घरात आल्या. या नावाशिवाय फाळके यांची गोष्ट पुरी होत नाही, ते पुढे येईलच. १९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. स्वदेशीच्या वाऱ्यात त्यांनी १९०६ मध्ये ती सोडली आणि लोणावळ्यात छपाईचा उद्योग काढला. तिथे रवि वर्मा प्रेससाठीही त्यांनी काम केले. नंतर दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभी राहिली. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावाजला, पण भागीदारांशी बिनसले आणि फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळिशीचे. घरात मुले.

पक्ष्यांच्या फोटोंचा आणि सिनेमाचा काय संबंध?

इथे थोडे बाहेरच्या जगात डोकावायला हवे. सिनेमाचा जन्म बराचसा प्राणी-पक्ष्यांच्या निरीक्षणातून झाला आहे. फ्रान्समधल्या एतियेन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाला उडत्या पक्ष्याच्या पंखांची हालचाल समजून घ्यायची होती. त्यासाठी १८८२ मध्ये त्यांनी बंदुकीच्या आकाराचा, सेकंदाला १२ फ्रेम टिपणारा कॅमेरा बनवला. आपला बर्स्ट मोड त्याच कुळातला. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किर्टन या भावांनी १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांचे पुस्तक काढले. तिथेच पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये फुलांच्या उमलण्याची फिल्म केली. काही दिवसांची घटना काही सेकंदांत दाखवणारी.

फाळके यांना सिनेमाने झपाटले तेही प्राण्यांमुळेच. १९१०-११ च्या सुमारास थोरल्या मुलाला घेऊन ते गिरगावात प्राण्यांवरची फिल्म पाहायला गेले. भिंतीवर जिवंत प्राणी फिरताना पाहिल्याचे मुलाने घरी सांगितले, तर कुणाचा विश्वास बसेना. म्हणून फाळके सगळ्या कुटुंबालाच घेऊन गेले. त्या वेळी पडद्यावर येशूचे चरित्र होते. ते पाहताना आपल्या राम-कृष्णांना असे पडद्यावर आणता येईल, हे त्यांच्या मनाने घेतले. हा किस्सा सगळे सांगतात. प्राण्यांचा भाग मात्र बहुधा वगळला जातो.

दृष्टी जाण्याची वेळ का आली?

त्यानंतरचे कित्येक महिने फाळके मिळेल ती फिल्म पाहत राहिले. उरलेल्या वेळात घरी प्रयोग. झोप जेमतेम तीन तासांची. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. ज्याची सगळी मिळकत डोळ्यांवर, त्याच्यावर ही वेळ. मुंबईतल्या डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परतली. फाळके पुन्हा त्याच अंधाऱ्या थिएटरात जाऊन बसले. याला जिद्द म्हणायचे की बेफिकिरी, हे घर चालवणाऱ्या सरस्वतीबाईंना विचारायला हवे होते.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबॉर्न यांनी त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, परफोरेटर आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून ते १ एप्रिलला परतले. मे महिन्यात सामान मुंबईत पोहोचले.

वाटाण्याची फिल्म नेमकी कशी केली?

यंत्र होते, पण चित्रपट काढायला पैसा नव्हता, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर पैसा लावायला कोणी तयार नव्हते. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा पक्का बसवला. महिनाभराहून अधिक काळ ते थोडे थोडे चित्रण करत राहिले. तयार झाली मिनिटभराची 'अंकुराची वाढ'. कोंब फुटतो, वर येतो, त्याचा वेल होतो.

रोज एकच फ्रेम घेतल्याचे सर्रास सांगितले जाते. ते गणितात बसत नाही. मूकपटांचा वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेमचा. रोज एक फ्रेम घेतली तर महिन्याची फिल्म दोन सेकंदांत संपेल. मिनिटभरासाठी सुमारे ९६० फ्रेम लागतात, म्हणजे दिवसाला ३० च्या आसपास. थोडक्यात, फाळके यांना त्या कुंडीकडे दिवसातून अनेकदा जावे लागले असणार. आणि प्रत्येक वेळी कॅमेरा तसूभरही हलता कामा नये, उजेड फार बदलता कामा नये. ज्याने आधी वर्षानुवर्षे तीन ब्लॉक एकमेकांवर अचूक बसवले, त्यालाच हे जमू शकते.

ही फिल्म निवडक लोकांना दाखवली गेली आणि यशवंतराव नाडकर्णी यांच्यासह काहींनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. उरलेल्या खर्चासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. कच्च्या फिल्मला कडेची भोके घरीच पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याचे काम त्याच करत आणि युनिटचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच.

एडिटिंगची कला पडद्यावर कशी उतरली?

'राजा हरिश्चंद्र'चे बाहेरचे चित्रण वांगणीला झाले. तलवारी-भाले घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखे वाटले आणि मंडळी पोलिसांच्या ताब्यात गेली. फाळके यांनी कॅमेऱ्यात फिल्म न घालताच एक प्रसंग चित्रित करून दाखवला, तेव्हा सुटका झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला.

पुढच्या चित्रपटांत रिटचिंग, छपाई आणि जादू या तिन्ही विद्या एकत्र आल्या. भिंगाचा अर्धा भाग झाकून चित्रण करायचे, फिल्म मागे फिरवायची आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरे दृश्य टिपायचे. 'लंका दहन', 'श्रीकृष्ण जन्म', 'कालिया मर्दन' यांतले चमत्कार अशा युक्त्यांवर उभे आहेत. 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. मधल्या काळात काड्यापेटीतल्या काड्यांना नाचवणारी 'आगकाड्यांची मौज' त्यांनी केली. तीही वाटाण्यासारखीच, फ्रेमगणिक.

बोलपट आले आणि हे सगळे मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' हा फाळके यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तोवर सिनेसृष्टीला त्यांचा विसर पडला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. पी. के. नायर यांच्या धडपडीमुळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातले साधारण १,४७५ फूट सुरक्षित आहेत. मात्र ते १९१३ च्या मूळ प्रतीतले की फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या प्रतीतले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.