आकड्याआधीची मोजणी

जुन्नरच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखात यज्ञाच्या दक्षिणेचे आकडे कोरले आहेत. किती गाई, किती घोडे, किती कार्षापण! दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब. पण आकडा कोरण्याच्या कितीतरी आधी माणूस गुरे मोजायला शिकला असणार. बँकेच्या खतावण्यांत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच पटते. मुलाचेही तसेच असते. महाराष्ट्रात हे कृतीने दाखवून दिले ताराबाई मोडकांनी.

जन्म १८९२ चा, मुंबईतल्या प्रार्थनासमाजी केळकर घराण्यातला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. अमरावतीच्या वकील मोडकांशी झालेला संसार टिकला नाही. पुढे राजकोटची प्राचार्यपदाची मानाची नोकरी सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

मॉन्टेसरीबाईंची साधने गुणाची, पण खेड्याला न परवडणारी. १९४५ साली बोर्डीला काम सुरू केल्यावर ताराबाईंनी शंखशिंपले, खडे, पाने, बिया हाती घेतल्या. सारखे ते एकत्र ठेवायचे, लहानमोठे ओळीने लावायचे, एका शिंपल्यापुढे एक खडा मांडायचा. जुळवणे, क्रम लावणे, तुलना करणे, ध्यानात ठेवणे ही गणिताची मुळे आहेत, हे आजचे अभ्यासकही सांगतात. नुसते आकडे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला पाच म्हणजे किती, हे उमगलेले असतेच असे नाही.

वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. सोबत अनुताई वाघ होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा भरू लागली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेतील केंद्रांचे नाव होते अंगणवाडी.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगररांगेतील महादेव कोळी वाड्यांवर आज अंगणवाड्या आहेत. तिथल्या एखाद्या पोराला सांजेला शेळ्या परतल्यावर एक करडू कमी असल्याचे चटकन कळत असेल आणि तेच पोर पाटीवर मात्र गणितात कच्चे ठरत असेल, तर त्याच्या डोक्याला दोष देण्याआधी त्याच्या हातात पाटीऐवजी चार खडे देऊन पाहावेत. ताराबाईंनी आयुष्यभर तेवढेच केले.