सर विल्यम बेव्हरिज: बेकारी, भत्ता आणि भाडें

ज्यास काम करावयाचें आहे त्यास काम मिळतेंच, आणि ज्यास मिळत नाहीं तो आळशी किंवा व्यसनी असला पाहिजे, हा समज पेढीवर बसून बोलणाऱ्यांत आज जितका दृढ आहे तितकाच तो शंभर वर्षांपूर्वीं विलायतेंतही दृढ होता. त्या समजास आंकड्यांच्या आधारानें जबर धक्का देणारे गृहस्थ म्हणजे सर विल्यम बेव्हरिज. त्यांचें नांव विलायतच्या सामाजिक विम्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. परंतु विमा ही त्यांच्या चरित्राची अर्धीच बाजू होय. दुसरी बाजू घरभाड्याची आहे, आणि तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. म्हणून हें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म ५ मार्च १८७९ रोजीं तेव्हांच्या बंगाल इलाख्यांतील रंगपूर येथें झाला. हें गांव आतां बांगलादेशांत आहे. वडील हेन्री बेव्हरिज हे मुलकी नोकरींतले जिल्हा न्यायाधीश. आई अ‍ॅनेट ही लग्नापूर्वीं हिंदु मुलींच्या शिक्षणाकरितां कलकत्त्यास आलेली विदुषी. १८७३ सालीं तिनें तेथें हिंदु महिला विद्यालय काढलें, व उतारवयांत बाबराचें आत्मचरित्र मूळ तुर्कीवरून इंग्रजींत आणिलें. १८८३ सालीं इल्बर्ट बिलाचा वाद पेटला तेव्हां पति त्या बिलाच्या बाजूचा व पत्नी उघड विरुद्ध, अशी त्या घरची स्थिति होती.

ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजांत विल्यमनें उत्तम यश मिळविल्यावर तो वकिली करील असें घरच्यांस वाटत होतें. पण १९०३ सालीं त्यांनीं लंडनच्या पूर्व भागांतील व्हाइटचॅपेल या दरिद्री वस्तींत, टॉयनबी हॉल या संस्थेंत, दुय्यम व्यवस्थापकाची जागा पतकरली. तेथें सुशिक्षित तरुण गरिबांच्या शेजारीं राहत, वर्ग चालवीत, व्याख्यानें देत. सदावर्त घालून बेकारी हटत नाहीं, ती कां उत्पन्न होते हें आधीं पाहिलें पाहिजे, असें बेव्हरिज यांच्या मनानें घेतलें. पुढें कांहीं काळ ते ‘मॉर्निंग पोस्ट’ या पुराणमतवादी दैनिकांत याच विषयावर अग्रलेख लिहीत होते. आमच्याच धंद्यांतला हा माणूस आधीं आंकडे जमवी व मग लेखणी उचली, ही गोष्ट आम्हां संपादकांनीं ध्यानांत धरण्यासारखी आहे.

त्यांची खरी पाठशाळा म्हणजे लंडनची गोदी. रोज सकाळीं दरवाजाबाहेर मजुरांची गर्दी जमे. मुकादम हवे तितके हात निवडी. उरलेले तसेच परत जात. जहाज केव्हां येईल याचा नेम नाहीं, म्हणून प्रत्येक मुकादमास आपल्या दारापाशीं गरजेहून अधिक माणसें उभीं असावीं असें वाटे. आणि आज नाहीं तर उद्यां आपली पाळी येईल या आशेनें तींही उभीं राहत. यांतला हिशेब व्यापाऱ्यांस समजावून सांगावयास नको. एका पेठेंतील दहा दुकानदारांनीं अडचणीच्या दिवसासाठीं दहा निरनिराळ्या कोठारांत माल भरून ठेविला, तर एकूण सांठा गरजेच्या फार वर जातो. एकच सामाईक कोठार असलें तर थोडक्यांत भागतें. कोठारांतल्या मालास मात्र भूक लागत नाहीं. गोदीच्या दाराशीं पडून राहिलेल्या या मालास बायका-मुलें होतीं. आठवड्यांतून दोन दिवस कामावर जाणारा तो मजूर ना धड कामकरी, ना धड बेकार. अशा स्थितींत वर्षें काढल्यावर त्याची ताकद जाई, कामाची संवय मोडे, आणि मग त्यास आळशी म्हणावयास लोक मोकळे. १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत बेव्हरिज यांनीं बेकारी हा उद्योगधंद्यांचा प्रश्न आहे असें शीर्षकांतच सांगून टाकिलें.

येथें त्यांचा एक दोषही सांगितला पाहिजे. १९०६ च्या सुमारास त्यांचें मत असें होतें कीं, ज्यांस कोणताच धंदा सामावून घेऊं शकत नाहीं त्यांस सरकारनें पोसावें खरें, पण मताधिकार, स्वातंत्र्य व संततीचा हक्क यांस त्यांनीं मुकावें. हें मत निष्ठुर होतें, आणि त्या काळच्या पुष्कळ विद्वानांस तें शास्त्रीय वाटे. दोष उद्योगाचा आहे असें सिद्ध करणाऱ्यानेंच शिक्षा माणसास सांगावी, ही विसंगति त्यांच्या भक्तांनीं झांकूं नये.

१९०७ सालीं जर्मनीस जाऊन त्यांनीं तेथील व्यवस्था पाहिली, व दुसऱ्या वर्षीं विन्स्टन चर्चिल व्यापारखात्याचे मंत्री असतां त्या खात्यांत नोकरी धरली. मजुरानें दारोदार न हिंडतां एका ठिकाणीं नांव नोंदवावें व मालकानें तेथूनच माणूस न्यावा, अशा नोंदणी-कचेऱ्या १ फेब्रुवारी १९१० पासून उघडल्या. १९११ च्या कायद्यानें बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा धंद्यांतील सुमारें साडेबावीस लाख कामगारांस बेकारीचा सक्तीचा विमा लागू झाला. कामगार व मालक यांनीं दर आठवड्यास अडीच-अडीच पेन्स भरावे, सरकारनें आपली भर घालावी, आणि काम सुटल्यास आठवड्यास ७ शिलिंग, वर्षांत फार तर १५ आठवडे, मिळावे. रक्कम लहान होती, परंतु भरलेल्या वर्गणीवरचा तो हक्क होता. तिच्यासाठीं कोणापुढें पदर पसरावा लागत नव्हता.

पंधरा आठवड्यांची मुदत चार दिवसांच्या मंदीस पुरेशी होती. पहिल्या महायुद्धानंतर जी बेकारी आली ती वर्षानुवर्षें हटेना. १९३२ च्या सुमारास बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरांत गेली. उत्तर इंग्लंडांतील जॅरो येथें जहाजांचा कारखाना बंद पडला, आणि १९३६ सालीं तेथील २०० पुरुष दाद मागण्यासाठीं लंडनपर्यंत पायीं गेले. विम्याची मुदत संपलेल्यांस १९३१ पासून घरझडतीसारखी चौकशी सोसावी लागे. घरांत कोण किती मिळवितो, विकण्याजोगें सामान कोणतें आहे, हें अधिकारी येऊन पाहत. मुलाच्या मजुरीमुळें बापाचा भत्ता कापला जाई, म्हणून कमावतीं मुलें घर सोडून जात. कुटुंब तगावें म्हणून दिलेली मदत कुटुंबच मोडीत होती. १९१९ पासून १९३७ पर्यंत बेव्हरिज लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच काळांत त्या संस्थेचे विद्यार्थी होते. १९३४ पासून बेकारी-विम्याच्या सरकारी समितीचें अध्यक्षपदही बेव्हरिज यांजकडे असल्यानें ही सारी दैना त्यांच्या दप्तरांतून जात होती.

दुसरें महायुद्ध चालू असतां, १९४१ सालीं, सामाजिक विम्याच्या निरनिराळ्या योजनांची छाननी करणाऱ्या समितीवर त्यांस नेमिलें. त्यांस हवें होतें युद्धाच्या मनुष्यबळाचें काम. मजूरमंत्री बेव्हिन यांस मात्र हे हट्टी गृहस्थ आपल्या खात्यांत नको होते. अडगळींत टाकलेल्या माणसानें त्या अडगळीचेंच सोनें केलें. १ डिसेंबर १९४२ रोजीं अहवाल निघाला. संक्षिप्त आवृत्ति धरून त्याच्या सहा लाखांवर प्रती खपल्या. नवरा-बायकोस आठवड्यास ४० शिलिंग, आणि काम मिळेपर्यंत भत्ता बंद नाहीं, घरझडती नाहीं. दीर्घकाळ बेकार राहणाऱ्यानें मात्र शिक्षणकेंद्रांत हजर राहिलें पाहिजे, अशी ती योजना होती. १९४६ च्या कायद्यानें यांतली भत्त्याची अमर्याद मुदत कापून सामान्यतः ३० आठवड्यांवर आणिली. आपल्याकडे १९४३ सालीं प्रा. बी. पी. आडारकर यांस कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आंखण्यास सांगितलें गेलें, व तिच्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. आजारपण, बाळंतपण व अपघात यांची तजवीज त्यांत होती, बेकारीची नव्हती.

पण भाड्याचें कोडें बेव्हरिज यांस सुटलें नाहीं, आणि तें सुटलें नाहीं हें त्यांनीं अहवालांत लपविलेंही नाहीं. धान्य, कपडा, कोळसा यांचा खर्च देशभर जवळजवळ सारखा. भाडें मात्र लंडनांत एक, स्कॉटलंडांत दुसरें. १९३८ च्या दरांवर मांडलेल्या हिशेबांत त्यांनीं जोडप्यामागें भाड्यापोटीं सरसकट १० शिलिंग धरले. लंडनच्या बेकारास ते पुरत ना, म्हणजे त्यानें पोटास चिमटा घेऊन घरमालकाचें देणें भागवावें. प्रत्यक्ष भाडें द्यावें म्हटलें तर महाग घरांत राहणाऱ्यास अधिक आणि काटकसरीनें राहणाऱ्यास कमी, असा अन्याय होतो. घरेंच जोंवर अपुरीं आहेत तोंवर कोणताही आंकडा घातला तरी तो चुकणारच. विलायतेंत पुढें झालेंही तसेंच. १९८० च्या कायद्यानें भाडेकरूंस नगरपालिकांचीं घरें विकत घेण्याचा हक्क मिळाला. वीस लाखांहून अधिक घरें विकलीं गेलीं, तितकीं नवीं उभीं राहिलीं नाहींत. १९८२-८३ पासून भाड्यासाठीं निराळा भत्ता सुरू झाला, आणि त्यांतील मोठा वांटा खासगी घरमालकांच्या तिजोरींत जाऊं लागला. बेकारास मध्यें उभें करून सरकार घरमालकासच पोसतें, असें आम्ही म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

बेव्हरिज यांनीं स्वतः या प्रश्नाचें उत्तर कागदाबाहेर शोधलें. १९४४ सालीं ते पार्लमेंटांत निवडून आले, पुढच्याच वर्षीं पडले. १९४६ सालीं उमराव झाले. १९४७ सालीं डरहॅम परगण्यांत न्यूटन एक्लिफ हें नवें गांव वसविण्याचें ठरलें, व त्या मंडळाचें अध्यक्षपद त्यांनीं घेतलें. युद्धकाळांत तेथें दारूगोळ्याचा मोठा कारखाना होता. तो बंद झाल्यावर त्याच्या इमारतींत निरनिराळे धंदे आणिले, आणि त्यांच्या शेजारीं दहा हजार लोकांची वस्ती आखली. काम आधीं व घर त्याच्या हांकेवर, हा क्रम होता. व्यवस्थापक व कारागीर एकमेकांच्या शेजारीं भाड्याच्या घरांत राहावे, घरें हिरवळीभोंवतीं असावीं, म्हणजे पोरांस रस्त्यावर न जातां खेळतां येईल, असा त्यांचा आग्रह असे. लॉर्ड झाल्यावरही ते कांहीं काळ पीज वे या रस्त्यावर तशाच घरांत राहिले. १९५३ पर्यंत हें काम त्यांनीं पाहिलें. तेव्हां ते ७४ वर्षांचे होते. १६ मार्च १९६३ रोजीं ऑक्सफर्ड येथें त्यांचा अंत झाला. दहा हजारांसाठीं आखलेल्या न्यूटन एक्लिफची लोकसंख्या आतां पंचवीस हजारांवर गेली आहे.