हजरत हलीमा सादिया (रजि.) : दुधाच्या नात्याचा हक्क

त्या वर्षी अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला होता. हवाजिन टोळीच्या बनू साद शाखेतील काही स्त्रिया आपल्या पतींसह मक्केकडे निघाल्या होत्या. मक्केतील प्रतिष्ठित घराण्यांत नवजात बालकाला वाळवंटातील दाईकडे सोपविण्याची रीत होती. मोकळ्या हवेत बाळ सुदृढ व्हावे आणि त्याच्या कानावर शुद्ध अरबी भाषा पडावी, हा त्यामागील हेतू असे.

या काफिल्यात अबू जुऐब यांच्या कन्या हलीमा, त्यांचे पती हारिस आणि तान्हा मुलगा अब्दुल्लाह होते. त्यांची गाढवी इतकी अशक्त होती की सोबत्यांना वारंवार थांबावे लागे. म्हाताऱ्या उंटिणीच्या कासेतून थेंबही निघत नसे. हलीमा स्वतः उपाशी होत्या. त्यांचे दूध बाळाला पुरत नसे आणि त्याच्या रडण्याने रात्रभर कोणाचाही डोळा लागत नसे.

मक्केत प्रत्येक दाईसमोर आमिना यांचे बाळ आणले गेले. काही दिवस आमिना यांनी स्वतः आणि नंतर सुवैबा यांनी त्याला दूध पाजले होते. परंतु पिता अब्दुल्लाह हयात नव्हते. मोबदला पित्याकडून मिळत असे, म्हणून अनाथ बाळ घेण्यास कोणी तयार होईना. हलीमा यांनीही प्रथम नकारच दिला. मात्र सर्व सोबतिणींना बाळे मिळाली आणि रिकाम्या हाती परतणे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी पतीशी विचारविनिमय केला. हारिस यांनी संमती दिली आणि कदाचित यातच अल्लाहने बरकत ठेवली असेल अशी आशा व्यक्त केली. अशा प्रकारे आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) हलीमा यांच्या कुशीत आले.

सीरत-ग्रंथ सांगतात की त्याच रात्री हलीमा यांना भरपूर दूध आले. दोन्ही बाळे पोटभर पिऊन शांत झोपली. हारिस उठून उंटिणीपाशी गेले, तो तिची कास भरलेली होती. त्यांनी दूध काढले, स्वतः प्याले आणि पत्नीलाही तृप्त होईपर्यंत पाजले. कित्येक दिवसांनंतर त्या कुटुंबाला सुखाची झोप लागली.

पूर्ण दोन वर्षे दूध पाजून हलीमा यांनी बाळाचे दूध सोडविले आणि त्याला मक्केस आणले. तथापि मक्केतील रोगराईची भीती सांगून, आमिना यांची विनवणी करून त्या त्याला पुन्हा घेऊन गेल्या. बाळ पाच वर्षांच्या आसपास झाले तेव्हा त्यांनी ते आमिना यांच्या स्वाधीन केले.

दूध सुटले, पण नाते सुटले नाही. हजरत खदीजा (रजि.) यांच्याशी पैगंबरांचा विवाह झाल्यानंतर एकदा हलीमा दुष्काळाची व्यथा घेऊन मक्केस आल्या, तेव्हा खदीजा (रजि.) यांनी त्यांना ४० मेंढ्या व एक उंट दिला. हिजरी सन ८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३० मध्ये, हुनैनच्या लढाईनंतर हवाजिनच्या सुमारे सहा हजार स्त्रिया व मुले कैद झाली. त्यांत हलीमा यांची कन्या शैमाही होत्या. ओळख पटताच पैगंबरांनी (स.) आपली चादर अंथरून त्यांना बसविले आणि भेटी देऊन सन्मानाने परत पाठविले. पुढे हवाजिनच्या शिष्टमंडळाने या दुधाच्या नात्याची आठवण करून दिली आणि सर्व कैदी मुक्त झाले. एका मातेने पाजलेल्या दुधाचा मान संपूर्ण टोळीला लाभला.

या चरित्रात आपल्या घरांसाठी मोठा बोध आहे. बरकत अल्लाहची देणगी होती. परंतु उपाशी, जागरणाने थकलेल्या हलीमा यांना हारिस यांनी दोष दिला नाही. ते स्वतः उठले आणि त्यांनी पत्नीच्या पोटाची काळजी घेतली. कुरआनने दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आणि त्याच आयतीत मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली. कुर्ल्याच्या किंवा जोगेश्वरीच्या एका खोलीच्या घरात नवमातेला दूध पुरत नसल्याचे टोमणे मारून डबा आणणे सोपे असते. तिला वेळेवर जेवण, विश्रांती आणि धीर देणे हे कर्तव्य आहे.

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासातच त्याला छातीशी लावावे. पहिला पिवळसर चीक फेकू नये. रोगांपासून रक्षण करणारे घटक त्यात असतात. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे, कारण बाळ जितके ओढते तितके दूध अधिक तयार होते. पहिले सहा महिने आईचे दूधच पुरेसे आहे. पाणी, घुटी देऊ नये आणि मध तर वर्षभर टाळावा. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे दूध चालू ठेवावे. अंधेरीच्या सीप्झमध्ये काम करणाऱ्या भगिनींनी ध्यानात ठेवावे की पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आहे.

आणखी एक गोष्ट. चाळीत शेजारीण किंवा मावशी सहज बाळाला पाजते. पण त्यातून रजाअतचे नाते जुळते आणि पुढे त्या मुलांचा परस्परांशी निकाह होऊ शकत नाही. कोकणी कुटुंबे पाळतात त्या शाफई मताप्रमाणे पाच वेळा पाजल्याने, तर हनफी मताप्रमाणे एकदा पाजल्यानेही हे नाते सिद्ध होते. म्हणून अशी नोंद घरात लिहून ठेवावी. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. तेथे अनेक मातांचे दूध एकत्र केले जाते आणि त्याविषयी उलेमांत मतभेद आहेत. अकाली जन्मलेल्या बाळासाठी डॉक्टरांनी असे दूध आवश्यक ठरविले, तर उशीर न करता विश्वासू आलिमांना विचारावे.

अल्लाह आपल्या प्रत्येक मातेला हलीमा (रजि.) यांची माया आणि प्रत्येक पित्याला हारिस यांची जाणीव देवो. आमीन.