एका नाटककाराने हिशोब मागितला आणि लेखकांची पहिली संघटना उभी राहिली

३ जुलै १७७७. पॅरिसमधल्या एका घरी वीसेक नाटककार जेवायला जमले होते. एरवी यातल्या अनेकांचं एकमेकांशी पटायचं नाही. ला हार्प या नाटककाराने तर आपल्या दोन प्रतिस्पर्ध्यांसोबत बसायला कुरकुर केली होती. दिदरोने येणंच टाळलं. तरीही बाकीचे आले, कारण विषय पैशाचा होता.

त्यांना बोलावणारा माणूस म्हणजे प्येर-ऑग्युस्तँ कारों द बोमार्शे.

घड्याळजीचा पोरगा

बोमार्शेचा जन्म १७३२ चा. वडील घड्याळजी. पोरानेही तेच काम शिकलं आणि विशीतच घड्याळ अचूक चालवणारी नवी यंत्रणा शोधून काढली. लपोत नावाच्या बड्या घड्याळजीने ती आपलीच म्हणून जाहीर केली. बोमार्शे गप्प बसला नाही. प्रकरण विज्ञान अकादमीपर्यंत गेलं आणि १७५४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.

पुढे तो राजदरबारात पोहोचला, राजाच्या मुलींना हार्प शिकवू लागला, व्यापारात शिरला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बंडखोरांना शस्त्रं पुरवणारी कंपनीही त्याने चालवली. आणि या सगळ्यात नाटकं लिहिली. त्याचं 'सेव्हिलचा न्हावी' १७७५ मध्ये रंगमंचावर आलं. पहिला प्रयोग पडला. त्याने काटछाट केली आणि नाटक तुफान चाललं.

४,५०६ लिव्हरचा प्रश्न

हे नाटक करत होती 'कॉमेदी-फ्रान्सेज' ही नटमंडळी. पॅरिसमध्ये गंभीर नाटकं करण्याची मक्तेदारी राजाने तिलाच दिलेली. म्हणजे लेखक अनेक, पण गिऱ्हाईक एकच. नियमाप्रमाणे पाच अंकी नाटकाच्या निव्वळ उत्पन्नातला नववा हिस्सा लेखकाचा. पण गोम दोन ठिकाणी होती. वर्षभरासाठी भाड्याने दिलेल्या बॉक्सचं उत्पन्न हिशोबात नीट दाखवलं जात नसे. आणि तिकीटविक्री ठरावीक रकमेच्या खाली गेली की नाटक कायमचं नटमंडळींच्या मालकीचं होई.

३२ प्रयोगांचे म्हणून नटांनी बोमार्शेला ४,५०६ लिव्हर देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. आधी सही केलेला हिशोब द्या, मग पैसे घेतो, ही त्याची अट. नटांनी टाळाटाळ केली.

बोमार्शेला हे परवडत होतं, कारण त्याचं पोट नाटकावर चालत नव्हतं. ज्याचं चालत होतं, तो लेखक मिळेल ते घेऊन गप्प बसायचा. आवाज चढवलाच, तर त्याचं नाटक बाजूला ठेवून दुसऱ्याचं घेणं नटांना सोपं होतं. एकट्याने भांडून हे सुटणार नाही, हे बोमार्शेच्या लक्षात आलं. म्हणून ती जेवणावळ.

त्या बैठकीत नाटककारांनी आपली संघटना केली आणि बोमार्शे, सोरँ, मार्मोंतेल व सदेन यांना प्रतिनिधी नेमलं. लढाई लगेच जिंकली नाही. १७८० मध्ये तडजोड झाली, तीही अर्धवट. हिशोबाचे नियम सुधारले, पण नाटकाची मालकी हातातून जाण्याची भीती गेली नाही.

एकाच वर्षी दोन कायदे

मग राज्यक्रांती झाली. जानेवारी १७९१ मध्ये राष्ट्रीय सभेने कायदा केला : नाट्यगृह कुणीही काढावं, पण हयात लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय त्याचं नाटक करता येणार नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर पाच वर्षं हा हक्क वारसांकडे राहील. हा कायदा सभेपुढे मांडणारा खासदार होता ल शापलिये.

गंमत अशी, की त्याच वर्षी जूनमध्ये त्याच ल शापलियेने दुसरा कायदा आणला. एका धंद्यातल्या लोकांनी एकत्र येऊन आपला दर ठरवणं किंवा त्याहून कमी दराने काम नाकारणं हा गुन्हा ठरला. निमित्त होतं पॅरिसच्या सुतारांच्या मजुरीवाढीच्या आंदोलनाचं. फ्रान्समध्ये संप कायदेशीर व्हायला १८६४ आणि कामगार संघटना कायदेशीर व्हायला १८८४ उजाडलं.

सुतारांची एकजूट मोडली, नाटककारांची टिकली. कारण सुताराकडे फक्त त्याची मजुरी होती, नाटककाराकडे आता कायद्याने मिळालेली मालमत्ता होती. १७९१ मध्येच फ्रान्सभरातून लेखकांचे पैसे वसूल करणारी कचेरी सुरू झाली. गावोगावचे नाट्यगृह चालक विरोधात उभे राहिले, तेव्हा बोमार्शेने सभेकडे अर्ज करून त्यांना उत्तर दिलं.

पुढची काही वर्षं त्याला देशाबाहेर काढावी लागली. १७९९ मध्ये पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं. त्याने सुरू केलेल्या कामातून १८२९ मध्ये नाट्यलेखकांची जी संस्था उभी राहिली, ती आजही चालू आहे.

आज याचं काय?

भारतातही या दोन्ही बाजू कायद्यात दिसतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना सिनेमाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीवरचा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. ती वसूल करायला त्यांची सोसायटी असू शकते. पण स्वतंत्र व्यावसायिकांनी मिळून एकच दर ठरवला, तर २००२ चा स्पर्धा कायदा आडवा येऊ शकतो.

बोमार्शेच्या लढ्यातून त्यांना घेण्यासारखं हेच, की एकीची सुरुवात दरापासूनच करावी लागत नाही. वेळेवर पैसे, स्पष्ट करार आणि उघड हिशोब या मागण्या सगळ्यांना मिळून करता येतात. त्यानेही आधी हिशोबच मागितला होता.