व्हेंटिलेटरवरचे आकडे आणि डॉ. ब्योर्न इब्सेन

तुमचा माणूस व्हेंटिलेटरवर असतो. सकाळी मशीनवर पाहिलेले आकडे संध्याकाळी बदललेले दिसतात आणि तब्येत बिघडली असे वाटून पोटात गोळा येतो. वांद्र्याच्या माझ्या दवाखान्यात असे फोन नेहमी येतात. मग मी ज्यांची गोष्ट सांगतो, ते हे डॉक्टर.

ब्योर्न इब्सेन यांचा जन्म 1915 मध्ये कोपनहेगनला झाला. 1940 मध्ये तिथेच डॉक्टर झाले, पुढे भूलशास्त्र शिकायला बॉस्टनला जाऊन आले. 1952 मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 जण तीन आठवड्यांत दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले असे, पण कारण उमगत नव्हते. इब्सेन यांनी ते ओळखले: रुग्णाला ऑक्सिजन मिळतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही.

27 ऑगस्टला 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करून नळी घातली गेली. इब्सेन रबरी पिशवी दाबू लागले, पण मुलगी धडपडत होती, हवा आत जाईना. त्यांनी गुंगीचे औषध दिले आणि श्वास नीट देता येऊ लागला. (तुमच्या रुग्णाला झोपवून ठेवतात, त्यामागे हेही एक कारण असते.) मुलगी वाचली. नंतर सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांना हाताने श्वास दिला. 1953 मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच अतिदक्षता विभाग उभा केला. तो जगातला पहिला मानला जातो. 2007 मध्ये ते वारले.

ती पिशवी दाबण्याचे काम आता मशीन करते. एका श्वासात किती हवा द्यायची, हे रुग्णाच्या वजनावर नाही, उंचीवर ठरते. पोट सुटले म्हणून फुप्फुसे मोठी होत नाहीत. 170 सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाला साधारण 400 ते 530 मिलिलिटर. जास्त हवेने फुप्फुसांना इजा होते. ऑक्सिजन बहुधा 100 टक्क्यांपासून सुरू करून सॅच्युरेशन पाहत कमी करतात. मिनिटाला किती श्वास द्यायचे, हे मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर ठरते. म्हणजे पहिले आकडे हा अंदाज असतो. रक्तवायूंची तपासणी, म्हणजे एबीजी, आली की ते बदलतात.

आकडा बदललेला दिसला, तर डॉक्टरांना एवढेच विचारा: एबीजीत काय आले, आणि ऑक्सिजन वाढवावा लागला की कमी करता आला?