ऊन पाणी, गार पाणी : फादर सेबास्टियन क्नाइप

थोरांची चरित्रे म्हटली की राजवाडे, रणांगणे आणि मोठमोठ्या सभा डोळ्यांपुढे येतात. मी ज्यांची ओळख करून देणार आहे, त्यांची कहाणी एका ओलसर तळघरातल्या हातमागापाशी सुरू होते. मी इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराची मुलगी. आई घरी कांड्या भरते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणूनच की काय, या जर्मन विणकराच्या मुलाचे चरित्र एकदा वाचायला घेतले, ते खाली ठेववेना.

हल्ली वाफेच्या किंवा लाकडी भट्टीच्या खोलीत बसून घाम काढायचा आणि लगेच बर्फगार पाण्यात उतरायचे, या गोष्टीचे फार कौतुक चालले आहे. मोबाईलवर अशी चित्रे रोज दिसतात. फिनलंडसारख्या देशात ही रीत फार जुनी. तेथील सौना-संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. पण उष्ण आणि थंड पाण्याचा हा पाठशिवणीचा खेळ मोजूनमापून सामान्य माणसाच्या घरापर्यंत ज्यांनी पोहोचविला, त्यांत फादर सेबास्टियन क्नाइप यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

१७ मे १८२१ रोजी दक्षिण जर्मनीत, बव्हेरियातील स्टेफान्सरीड या खेड्यात सेबास्टियनचा जन्म झाला. वडील गरीब विणकर. अकराव्या-बाराव्या वर्षीच मुलगा मागावर बसला. त्याला व्हायचे होते धर्मगुरू, आणि त्यासाठी हवे होते लॅटिन. विणकराच्या पोराला लॅटिन कोण शिकविणार? त्याने पै-पै करून शिक्षणासाठी पैसे साठविले. वयाच्या विशीत घराला आग लागली आणि घराबरोबर ती पुंजीही जळून गेली. दुसरा एखादा असता तर नशिबाला बोल लावून पुन्हा मागावर बसला असता. सेबास्टियन घराबाहेर पडला. अनेक दारे बंद मिळाली. अखेर मॅथियास मेर्क्ले नावाच्या एका दयाळू धर्मगुरूने त्याला लॅटिन शिकविले. १८४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो डिलिंगनच्या विद्यालयात दाखल झाला. वर्गातली मुले त्याच्याहून कितीतरी लहान! त्या बाकावर त्याला काय वाटले असेल, याची कल्पना मला करता येते.

पण विद्येची किंमत त्याच्या शरीराने मोजली. अपुरे अन्न, रात्रीची जागरणे आणि तळघरातल्या ओलीत घालविलेले बालपण. सेबास्टियनच्या छातीने दगा दिला. क्षयाची लक्षणे दिसू लागली. डॉक्टरांनी आशा सोडली. अशा वेळी त्याच्या हाती अठराव्या शतकातले एक पुस्तक आले. योहान सिगमुंड हान या वैद्याने थंड पाण्याच्या गुणांविषयी ते लिहिले होते. बुडत्याला काडीचा आधार! १८४९ च्या नोव्हेंबरात हा आजारी विद्यार्थी डान्यूब नदीवर जाऊ लागला. धावत जायचे, अंग तापले की काही क्षणच गार पाण्यात बुडी मारायची, झटकन बाहेर येऊन कपडे चढवायचे आणि पुन्हा धावत परतायचे. आठवड्यातून दोन-तीन वेळा हा क्रम चालला. हळूहळू अंगात शक्ती आली. पुढच्या वर्षी तो म्युनिकला शिकावयास गेला. तिथे आजारी सहाध्यायांवर त्याने गुपचूप बागेच्या झारीने पाणी ओतून उपचार केले. १८५२ मध्ये तो धर्मगुरू झाला. विणकराचा मुलगा जिंकला होता.

येथे थोडे थांबले पाहिजे. आमच्या वस्तीत क्षयाचे नाव आजही हलक्या आवाजात घेतात, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखविला. त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. औषधे नव्हती तेव्हाही काही रोगी आपोआप बरे होत. त्यामुळे डान्यूबने क्षय बरा केला, असे आज म्हणता येणार नाही. क्नाइपांचे चरित्र वाचून कोणी क्षयाच्या गोळ्या सोडू नयेत!

मग त्यांचा मोठेपणा कशात? माझ्या मते तो पुढच्या चाळीसहून अधिक वर्षांत आहे. १८५५ मध्ये ते वोरिसहोफेन येथील मठात आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. दारी येणाऱ्या गरिबांना ते पाण्याचे उपचार सांगत. वैद्यकीचे शिक्षण नसताना उपचार केल्याबद्दल तरुणपणी त्यांना दंडही भरावा लागला होता. पण सर्वांत कठीण गोष्ट त्यांनी स्वतःशी केली. ज्या कडक थंड पाण्याने आपण बरे झालो असे ते मानत, तेच पाणी सगळ्यांना सोसत नाही, हे त्यांनी पाहिले आणि आपली पद्धत एकदा नव्हे, तीन वेळा बदलली. प्रत्येक वेळी ती अधिक सौम्य केली. त्यांच्या पद्धतीत ऊन पाण्याला मानाची जागा मिळाली. दहा मिनिटे ऊन पाण्यात, एक मिनिट गार पाण्यात. असे तीन वेळा, एकूण ३३ मिनिटे, आणि शेवट गार पाण्याने. अंग गारठलेले असताना गार पाणी घ्यायचे नाही. स्नानानंतर ऊब येईपर्यंत चालायचे. अशक्त माणसाला तर पूर्ण स्नानाऐवजी नुसती पावले किंवा हात ऊन-गार पाण्यात बुडविणे पुरे.

यामागचे कारण आज शरीरशास्त्र सांगते. उष्णतेने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गारव्याने आकुंचन पावतात. सामन्यानंतर खेळाडू असे आलटून-पालटून स्नान करतात, तेव्हा नुसते बसून राहण्यापेक्षा स्नायूंचे दुखणे थोडे कमी होते, असे आढळले आहे. इतर उपायांहून ते फार सरस मात्र ठरलेले नाही. शिवाय एकदम बर्फगार पाण्यात उतरल्याने श्वास अडतो, हृदयावर ताण येतो. हृदयविकार असणाऱ्यांनी असे धाडस करू नये.

१८८६ मध्ये त्यांचे जलोपचारावरचे पुस्तक निघाले आणि खेडेगाव गजबजून गेले. ऑस्ट्रियाचे आर्चड्यूक योझेफ उपचारासाठी आले. १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी क्नाइपांचा सन्मान केला. आलेला पैसा त्यांनी रुग्णालये व आजारी मुलांचे आश्रयस्थान उभारण्यात घातला. १८९४ मध्ये त्यांच्या पद्धतीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आपली संघटनाही स्थापन केली. जर्मन निसर्गोपचाराच्या याच परंपरेतील लुई कूने व अ‍ॅडॉल्फ युस्ट यांची पुस्तके गांधीजींनी वाचली होती. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तेव्हा त्या विचाराचा एक झरा आपल्याही अंगणात आला.

१७ जून १८९७ रोजी क्नाइपांनी देह ठेवला. त्यांच्या पाण्याने सगळे रोग बरे झाले नाहीत, होणारही नव्हते. पण आपल्याला तारणारी गोष्ट दुसऱ्याला जशीच्या तशी मानवेल असा हट्ट त्यांनी धरला नाही. मित्रांनो, थंडगार नदीत उडी घेणारे शूर पुष्कळ असतात. पैलतीरी पोहोचल्यावर मागच्या दुबळ्यासाठी पाणी कोमट करून ठेवणारे फार थोडे.