विश्लेषण : भारताचे शेवटचे बादशाह राष्ट्रकुलाचे पहिले प्रमुख कसे झाले?

राष्ट्रकुल म्हणजे आज ५६ देशांची संघटना. तिच्या प्रमुखपदी ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स आहेत, पण या पदाला अधिकार जवळपास नाहीत. हे पद निर्माण झाले ते मुख्यत: भारतामुळे, आणि ते प्रथम मिळाले चार्ल्स यांचे आजोबा सहावे जॉर्ज यांना.

राजेपद अनपेक्षितपणे…

१४ डिसेंबर १८९५ रोजी जन्मलेले आल्बर्ट हे पाचवे जॉर्ज यांचे दुसरे पुत्र. गादीचे वारस होते थोरले बंधू एडवर्ड. आल्बर्ट लाजाळू होते आणि बोलताना अडखळत. १९२६ पासून लायनेल लोग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी या दोषावर बरीच मात केली. पहिल्या महायुद्धात ते नौदलात होते. डिसेंबर १९३६ मध्ये एडवर्ड यांनी विवाहासाठी राजत्याग केला आणि आल्बर्ट सहावे जॉर्ज या नावाने गादीवर आले.

भारताशी नाते काय?

त्यांचे वडील १९११ मध्ये मुंबईत उतरले होते. गेटवे ऑफ इंडिया ही त्याचीच आठवण. सहावे जॉर्ज मात्र भारताचे बादशाह असूनही येथे कधीच आले नाहीत. स्वातंत्र्यानंतर जून १९४८ मध्ये त्यांनी बादशाह ही पदवी सोडली. तरीही राज्यघटना लागू होईपर्यंत कायद्याने भारताचे राजे तेच होते.

पेच काय होता?

राष्ट्रकुलातील सर्व देश ब्रिटिश राजाशी निष्ठा मानत. भारताला प्रजासत्ताक व्हायचे होते, म्हणजे राजनिष्ठा संपणार होती. पण जवाहरलाल नेहरूंना राष्ट्रकुलातून बाहेरही पडायचे नव्हते. आयर्लंडने एप्रिल १९४९ मध्ये प्रजासत्ताक होताना राष्ट्रकुल सोडले होते. भारतही त्याच वाटेने जाणार का, हा प्रश्न होता.

तोडगा कसा निघाला?

त्याच महिन्यात लंडनमध्ये आठ सदस्य देशांची बैठक झाली. भारत प्रजासत्ताक होऊनही सदस्य राहील आणि राजाला स्वतंत्र राष्ट्रांच्या स्वेच्छेच्या सहवासाचे प्रतीक व त्या नात्याने राष्ट्रकुलाचा प्रमुख मानेल, असे ठरले. भारतात कायद्यावर सही करणे, नेमणुका करणे किंवा सरकारला आदेश देणे, यांपैकी कोणताही अधिकार त्यांना उरला नाही. ब्रिटनशी दुवा ठेवण्यावर देशात टीका झाली, पण मे १९४९ मध्ये संविधान सभेने या निर्णयाला मान्यता दिली. २६ जानेवारी १९५० रोजी राजेंद्र प्रसाद राष्ट्रपती झाले आणि सहावे जॉर्ज भारतापुरते केवळ राष्ट्रकुलाचे प्रमुख उरले.

पुढे काय झाले?

सप्टेंबर १९५१ मध्ये फुप्फुसावर शस्त्रक्रिया झालेल्या राजांचे ६ फेब्रुवारी १९५२ रोजी सँडरिंगहॅम येथे झोपेतच निधन झाले. ते ५६ वर्षांचे होते. प्रमुखपद वंशपरंपरागत नव्हते. तरी नेहरूंनी एलिझाबेथ यांचे नव्या प्रमुख म्हणून स्वागत केले. चार्ल्स यांच्याबाबतचा निर्णयही सदस्य देशांच्या नेत्यांनी २०१८ मध्ये घेतला.

आज राष्ट्रकुलातील ३६ देश प्रजासत्ताक आहेत. राजाची सत्ता न मानताही त्यांना सदस्य राहता येते, कारण १९४९ मध्ये भारतासाठी ती वाट काढली गेली. सर्वसत्ताधीश म्हणून मिरवलेल्या घराण्यातील एका राजाने अधिकार नसलेले पद स्वीकारले, म्हणूनच ती वाट खुली झाली.